तात्यांच्या अंगठीचा आवाज

मुंबईच्या एका स्टुडिओवाल्याने मसुऱ्याच्या तात्यांना फसवलं. मला नाही. मला फसवणं सोपं नाही; माझी आई मालवणच्या बाजारात मासे विकायची आणि मी तिच्या बाजूला बसून वजन, नजर आणि जीभ तिन्ही वापरायला शिकले. फसवलं ते तात्यांना, आणि तेही माझ्या हातून गेलेल्या वस्तूत. म्हणून हे लिहायला बसले. स्टुडिओवाल्यांचं नाव इथे लिहीत नाही. आपलं नाव कुठे लागलं नाही की कसं वाटतं, ते त्यांनाही थोडं कळू दे.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं होतं, "तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा." तर धंदा असा. बाजारपेठेत माझं आठ बाय दहाचं दुकान होतं. आधी कॅसेटी भरून द्यायची, मग सीड्या, मग मेमरी कार्डं. लोकांच्या फोनमध्येच गाणी आली तेव्हा शेजारच्यांना वाटलं, शैलाचं दुकान बसलं. मी बसले नाही. मी ट्रॅक बनवायला लागले. म्हणजे दशावताराच्या कंपनीला राक्षस आत येताना गडगडाट हवा, शाळेला स्नेहसंमेलनासाठी पाच मिनिटांचं गाणं अडीच मिनिटांत हवं, फुगडीच्या मंडळाला ढोलकी हवी पण ढोलकीवाला नको, कारण तो वेळेवर येत नाही. हे सगळं कॉम्प्युटरवर करायचं. त्यात पेटी नसते, ढोल नसतो, माणूस नसतो. असतात ते आवाजाचे तुकडे, आणि ते एकापुढे एक मांडायचे. लोक म्हणतात, बटण दाबलं की होतं. ते बटण कुठलं, हे कळायला मला चार वर्षं लागली.

सुरुवातीला मीही सगळ्यांसारखं चोरीचं सॉफ्टवेअर वापरायचे. कोणीतरी सीडी द्यायचं, त्यावर पेनने आकडे लिहिलेले असायचे, ते आकडे टाकले की कुलूप उघडायचं. विजयदुर्गकडच्या एका शाळेचं संमेलन होतं. बारा नाच, बाराही ट्रॅक माझे. सकाळी शेवटचा हात फिरवायला बसले तर पडद्यावर पाटी: आकडे चुकीचे आहेत. काल बरोबर होते, आज चुकीचे! मी त्या मशीनला मालवणीत जे बोलले, ते समोरच्या सोनारानेही ऐकलं. शेवटी त्या मुलांनी बाराही नाच बाईंच्या तोंडी गाण्यावर केले. मुख्याध्यापक मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

त्यानंतर कुडाळला संगणक शिकवणारे एक सर माझ्या दुकानात आले. त्यांना जुन्या भजनांची कॅसेट उतरवून हवी होती. त्यांनी माझी कहाणी ऐकली आणि म्हणाले, "ताई, चोरीचं कशाला वापरता? फुकटचं आहे की."

"फुकट?" मी म्हटलं. "आणि वर काय देणार?"

मासळीबाजाराची सवय. वाटा घेतला की वर दोन बांगडे मागायचेच. सर हसले आणि म्हणाले, "वर त्याची पाककृतीही देतात."

मला ते पटायला आठवडा गेला. फुकट म्हणजे कुठेतरी नासकं असणार, हा माझा जन्माचा अनुभव. सर समजावत होते, मी खोट शोधत होते. जगभरचे लोक मिळून ही सॉफ्टवेअर लिहितात. एक आवाज भरून घ्यायला आणि कापायला, एक ताल मांडायला, एक पेटीपासून व्हायोलिनपर्यंत आवाज तयार करायला. आतलं लिखाण सगळ्यांना उघडं. हवं तर बघा, हवं तर बदला, दुसऱ्याला द्या. अट असलीच तर एवढीच, की ज्याने बनवलं त्याचं नाव पुसायचं नाही.

"आणि त्यांना काय मिळतं?" मी विचारलं.

"तुमच्याकडे शेजारीण वाटीतून काही पाठवते, तिला काय मिळतं?"

"आम्ही वाटी रिकामी परत पाठवत नाही," मी म्हटलं.

"तेच," सर म्हणाले.

एवढं एक वाक्य मला पुरलं. पुढे चौदा वर्षं मी ती वाटी वापरली. सॉफ्टवेअर सुरुवातीला रडवायचं. आवाज यायचाच नाही. मग कळायचं, कुठल्या तरी खिडकीत एक काल्पनिक वायर जोडायची राहिली आहे. पण एकदा जोडली की ते मला कधी आकडे विचारायला आलं नाही.

गिऱ्हाइकं एकेक. तोंडवलीला एकाने पर्यटकांसाठी खोल्या काढल्या होत्या. खोल्यांपासून समुद्र पन्नास पावलांवर. तो माझ्याकडे येऊन म्हणतो, "माका समुद्राचो आवाज करून होयो."

"दार उघड."

"तसो नाय गो! त्येच्यात होडयेचां इंजिन येता, कावळे येतत, आमची आये वरडता. मुंबयच्या लोकांका निवळ समुद्र होयो."

मी तीन सकाळी त्याच्याच किनाऱ्यावर माइक घेऊन बसले आणि त्याचाच समुद्र धुऊन, पुसून, कावळे काढून त्याला विकला. कावळ्यांची मजुरी वेगळी लावली. तो कुरकुरला. मी म्हटलं, "कावळो ठेवतंय, कमी दी." त्याने पूर्ण दिले. पहिल्याच महिन्यात एका पाहुण्याने तक्रार केली म्हणे, की स्पीकर बंद केल्यावरही समुद्राचा आवाज बंद होत नाही.

आणि एकदा मी स्वतःच गिऱ्हाईक झाले. ताल मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइलीचं नाव देवनागरीत लिहिलं की ते झटकन बंद पडायचं. दोन वेळा काम गेलं, तिसऱ्यांदा माझं डोकं गेलं. शब्दकोश समोर ठेवून मी त्या लोकांना इंग्रजीत पत्र लिहिलं. त्याचा मतलब असा होता: आम्ही फुकट घेतो म्हणून काहीही खपवू नका, आमची लिपी तुमच्यापेक्षा जुनी आहे. मला वाटलं, आता शिव्या येणार. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. लिहिणारा कुठल्याशा बर्फाच्या देशातला. त्याने आधी माफी मागितली, मग मला सात प्रश्न विचारले, आणि दहा दिवसांनी नवी आवृत्ती आली. त्यात "मालवण" लिहिलं तरी काही बंद पडेना. खाली आभाराची यादी होती. त्यात माझं नाव आणि गावाचं नाव. ओळख नाही, देख नाही, वर मी भांडलेली. तरी नाव.

ती यादी मी तात्यांना दाखवली, आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

तात्या म्हणजे दशावतारात मृदुंग वाजवणारे. मसुऱ्याला त्यांचं घर. मी त्यांना लहानपणापासून ओळखते. आईकडून ते सुंगटं, म्हणजे कोळंबी, घ्यायचे आणि भाव करताना टोपलीच्या काठावर बोटांनी ठेका धरायचे. आई म्हणायची, "ह्यो माणूस टोपलेत पण वाजयता." पुढे मी ट्रॅक करायला लागले तेव्हा दर वेळी तालाचा काही प्रश्न आला की त्यांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, जाऊन बसायचे. पंचाहत्तरी उलटली होती. एका कानाने ऐकू येत नव्हतं. कंपनीबरोबर फिरणं बंद झालं होतं, पण रोज सकाळी मृदुंग पुढ्यात घेऊन बसायचेच.

फोनवरची ती यादी त्यांनी डोळ्यांजवळ नेली. "ह्यां कोणाचां नाव गो?"

"माझां."

"तू काय केलंस?"

"तक्रार केलंय."

तात्यांनी फोन परत डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "तक्रार केल्यार नाव घालतत? मगे वाजवल्यार?"

फोन माझ्या हातात देत ते पुढे म्हणाले,

"पन्नास वर्सां वाजवलंय. बोर्डार राजाचां नाव, राणीचां नाव, आणि आमी 'वादक मंडळी'. मंडळीतलो एक कमी झालो तरी बोर्डाक कळाचां नाय."

माझ्या मनात एक गोष्ट बरेच दिवस होती. मृदुंगाचे जे आवाज इंटरनेटवर मिळायचे ते सगळे गुळगुळीत, मैफिलीतले. आमच्या दशावताराचा मृदुंग वेगळा. तो उघड्यावर, लाउडस्पीकर नसताना, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू जावा म्हणून वाजवलेला. तात्यांचा एकेक बोल भरून घ्यायचा, त्याचं वाद्य बनवायचं, आणि ज्या वाटीतून मी चौदा वर्षं खाल्लं तिच्यात घालून परत पाठवायचं. फुकट. माझ्यासारखीने फुकट देणं म्हणजे काय, ते माझी गिऱ्हाइकं सांगतील.

तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "माका पैशे नको. माझां नाव घाल. तुझां घातल्यानी तसां."

"घालतंय," मी म्हटलं. शब्द दिला.

जागा शोधली ती त्यांच्या पुतण्याच्या काजूच्या गोदामात. भिंतींना लागून काजूच्या गोणी वरपर्यंत रचलेल्या. त्यामुळे आवाज घुमत नाही, जागच्या जागी बसतो. मुंबईत स्टुडिओवाले भिंतींना महागडे फोम लावतात. मला गोणी फुकट मिळाल्या, वर वासही.

असं वाद्य बनवायचं म्हणजे एकेक बोल सुटा भरून घ्यायचा. 'ता' हळू, 'ता' मध्यम, 'ता' जोरात, 'ता' राक्षस मेल्यावर. प्रत्येक पाच-सहा वेळा, कारण माणूस एकच थाप दोनदा सारखी मारत नाही. मशीनने तीच तीच वाजवली तर कानाला लगेच खोटी लागते. तात्यांना हे विचित्र वाटलं. "ह्यां म्हंजे जेवान नाय, नुसतां एकेक शीत खाणां," असं म्हणाले. पण पाच दिवस बसले. मृदुंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, तिच्यामुळे 'धुम' खोल येतो. गोदामातल्या उकाड्यात कणीक सुकायची आणि आवाज चढायचा. मला कळायचं नाही, तात्यांना एका कानाने कळायचं. "थांब. धुम पातळ झालो." मग कणीक ओली करायची, आणि सकाळपासूनचं सगळं परत.

दुसऱ्या दिवशी मी हेडफोन लावून ऐकत होते. प्रत्येक 'ता'च्या सुरुवातीला बारीक 'टिक्' येत होतं. शोधलं तर तात्यांच्या उजव्या अनामिकेतली तांब्याची अंगठी मृदुंगाच्या कडेला लागत होती.

"अंगठी काढा तात्यानु, आवाज येता."

"येवंदे. बायलेन घातलेली हा. ती गेली तेवा निघाक नाय, आता तुझ्या मशिनीसाठी निघतली?"

साबण लावून बघितला, तेल लावून बघितलं. अंगठी हलली नाही. मी चिडले, हेडफोन आपटला, बाहेर जाऊन पाणी प्यायले. परत आले तर तात्या तसेच बसलेले. "झालां तुझां? बस आता. ता घे." आणि तो 'ता' असा वाजला की मी मुकाट बटण दाबलं. 'टिक्' राहिलं. चौथ्या 'धुम'च्या शेपटीला गोदामाच्या कौलावरचा एक कावळाही राहिला. तोंडवलीवाल्याचे कावळे मी पैसे घेऊन काढले होते. हा ठेवला.

तीन महिने खपून वाद्य तयार केलं, इंटरनेटवर चढवलं. सोबत एक लिखित फाइल असते, तिच्यात लिहिलं: हे कोणीही वापरावं, विकलेल्या गाण्यातही वापरावं, फक्त वादकाचं नाव द्यावं. आणि खाली नाव लिहिलं: तात्या मिरदंगी, मसुरे.

माझी चूक ही. काय चुकलं ते मला त्या वेळी कळलंही नाही. आमच्याकडे माणसाला एक नाव शाळेत असतं आणि एक गावात. शाळेतलं शाळेत राहतं. चाळीस वर्षं ज्यांना ओळखत होते त्यांचं कागदावरचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी कणकवलीला एका लग्नात होते. वधू मंडपात येताना दुसऱ्याच साऊंडवाल्याने ट्रॅक लावला. मृदुंग सुरू झाला आणि माझ्या हातातली सोलकढीची वाटी थांबली. टिक्. प्रत्येक 'ता'ला टिक्. मी वाटी ठेवली आणि सरळ त्याच्या टेबलाशी गेले. त्याने सांगितलं, हे मुंबईच्या स्टुडिओकडून विकत घेतलेलं वाद्य आहे. त्याने पडद्यावर दाखवलंही. नवं नाव, नवं चित्र, चित्रात विजेचा लोळ. "ध्वनिमुद्रण आणि निर्मिती" पुढे स्टुडिओचं नाव. वादकाचं नाव कुठेच नाही. घरी येऊन दोन्ही आवाज एकाखाली एक मांडले. रेघेला रेघ जुळली. चौथ्या 'धुम'ला कावळाही ओरडला.

स्टुडिओला फोन लावला. पलीकडून शुद्ध मराठी. "ताई, ते तर आपण विनामूल्य ठेवलं होतं ना?"

"देवळातलं पाणी फुकट असतं," मी म्हटलं, "म्हणून तांब्या घरी नेत नाहीत. नाव कुठे आहे?"

"आम्ही स्वतः बऱ्याच सुधारणा केल्या आहेत."

"कावळो काढूक इसारलास."

पलीकडची भाषा एकदम गावाला आली. माणूस पकडला गेला की मालवणीत येतो. "अगो बाय, तसां नाय. मी पण मालवण तालुक्यातलोच. दर वर्सा जत्रेक येतंय. पण तात्या ह्यां काय नाव झालां? आमच्या वाडयेत तीन तात्या आसत. खंयच्या तात्याचां नाव घालू?"

मी फोन ठेवला. रागाने नाही. तात्यांचं पूर्ण नाव मलाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी मसुऱ्याला गेले. "तात्यानु, तुमचां नाव काय?"

"कित्याक? पोलीस इले?"

"नाव सांगा ओ."

तात्यांनी मान वर केली. "चाळीस वर्सां वळाखतंस, आणि नाव आता इचारतंस?"

मी सगळं सांगितलं. माझी चूक आधी सांगितली, स्टुडिओवाल्यांची लबाडी नंतर. मी कोणाची माफी सहसा मागत नाही. सवय नसल्याने शब्द वेडेवाकडे आले. तात्या ऐकत होते, बऱ्या कानाकडे हात धरून. मग म्हणाले, "चुकलां तर चुकलां. आता नीट लिही." आणि रेशनच्या खिडकीपाशी सांगावं तसं एकेक शब्द सोडून सांगितलं: "विश्राम. गोपाळ. मेस्त्री."

त्याच दिवशी मी फाइल बदलली. नुसत्या फाइलीत नाही, वाद्याच्या नावातच घातलं, प्रत्येक बोलाच्या आत घातलं. 'ता' उघडा, विश्राम गोपाळ मेस्त्री. 'धुम' उघडा, विश्राम गोपाळ मेस्त्री. बर्फाच्या देशातल्या त्या माणसाला कळवलं, तर त्याने दोन दिवसांत ज्या ज्या ठिकाणी हे वाद्य पोचलं होतं तिथे बदल करून घेतला, आणि तात्यांची तब्येत कशी आहे तेही विचारलं.

मग स्टुडिओवाल्यांना पूर्ण नाव कळवलं. आता त्यांचं म्हणणं वेगळं. "ताई, तुमचं नाव सहनिर्मितीत घालतो. मोठ्या अक्षरांत घालतो. पण वादकाचं नको. आज नाव घातलं की उद्या त्यांचे नातेवाईक हिस्सा मागायला उभे राहतात." मी म्हटलं, त्यांना हिस्सा नको आहे, मी लिहून देते. ते म्हणाले, "मग तुम्ही तुमची रक्कम बोला."

मी आयुष्यभर लोकांना हेच वाक्य बोलायला लावलं आहे. समोरच्याने आधी आकडा मागितला की सौदा माझ्या हातात आला, हे मला आईने शिकवलं. पण या सौद्यात माझ्याकडे विकायला काही नव्हतं. नाव तात्यांचं. मी नाही म्हटलं. त्यानंतर ते माझा फोन उचलत नाहीत.

तात्या आता ब्याऐंशीचे आहेत. दुसरा कानही गेला आहे. मी मसुऱ्याला गेले की ते मला छोटा स्पीकर लावायला सांगतात आणि त्याच्यावर तळवा ठेवतात. 'धुम' हाताला लागतो, त्याने त्यांना समाधान वाटतं. 'ता' लागत नाही. मग अंगठीकडे बघून विचारतात, "टिक् येता मां अजून?" मी होय म्हणून मान हलवते. मग पुढचा प्रश्न ठरलेला. "त्या मुंबयवाल्याकडे इलां काय गो नाव?"

"येतलां, तात्यानु," मी ओरडून सांगते. खळ्यापलीकडच्या चार घरांना ऐकू जातं. दर वेळी तेच खोटं.

तर स्टुडिओवाले साहेब, गेल्या वर्षी याच दिवाळी अंकात तुमची पानभर जाहिरात होती, म्हणजे हा अंक तुमच्या घरी येतो. माझ्या चुकीचं उत्तर मी तात्यांसमोर बसून दिलं. आता तुमची पाळी. भराडी देवीच्या जत्रेला तुम्ही यंदाही येणार. देवीचं दर्शन झालं की तिथून तात्यांचं घर लांब नाही. कोणालाही विश्राम मेस्त्री विचारा, आणि नाही कळलं तर तात्या मिरदंगी विचारा. खळ्यात तुमच्यासाठी खुर्ची मांडून ठेवते. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आणा, की तुम्ही विकता त्या प्रत्येक 'ता'मध्ये वाजणारी अंगठी कोणाच्या बोटातली आहे. आणि आजवर ते लिहिलं नाहीत, ते का, तेही खाली लिहा. तात्यांना वाचता येतं.